खेळातले पात्र आणि घरातला मुलगा

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या (२००४) ऑनलाइन खेळात खेळाडू आधी आपले पात्र घडवतो: वंश, रूप, नाव, योद्धा की मांत्रिक. खेळेल तसतशी पात्राची पातळी वाढते. बुजऱ्या मुलाला तिथे मान मिळतो. म्हणून पालकांना मी सांगतो, एकदम बंदी घालू नका. ‘तुझे पात्र कोण?’ असे आधी विचारा.

मात्र खेळावरचा ताबा सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणे आणि नुकसान दिसूनही तो चालू राहणे, ही लक्षणे साधारण १२ महिने टिकून अभ्यास, नाती बिघडली तर तो आजार होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे.

झोप, जेवण बिघडू लागल्यास वर्षभर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.