वायगावच्या हळदीची गोळी कोण करणार?

बारावीचा निकाल लागला की वर्धा-हिंगणघाटकडच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘नीटमध्ये नाही जमलं तर बी. फार्म. करून घे, मग मेडिकल टाकून देऊ.’ औषधाचं दुकान टाकण्यात कमीपणा काहीच नाही. पण या एका वाक्यापायी वनौषधीपासून आधुनिक गोळी घडवण्याचं अख्खं क्षेत्र मुलांच्या नजरेआड राहतं. त्याचा कच्चा माल आपल्याच जिल्ह्यात पिकतो, म्हणून मला याची जास्तच खंत वाटते.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात कुर्कुमिन जास्त भरतं, ही तिची ख्याती. तरीही ती बहुतेक हळकुंडं किंवा पूड म्हणूनच विकली जाते. तेच कुर्कुमिन वेगळं काढून, मोजून गोळीत बसवलं तर किंमत कितीतरी वाढते. मधलं काम मात्र शिकलेल्या हातांचं आहे.

ते काम काय असतं, हे पालकांनीही समजून घ्यावं. हळद नुसती खाल्ली तर कुर्कुमिन रक्तात फारसं उतरत नाही. ते पाण्यात विरघळत नाही, आणि जे थोडं आत शिरतं त्याची शरीर लगेच विल्हेवाट लावतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी त्यासोबत मिऱ्यातलं पायपरिन दिलं, तेव्हा माणसांमध्ये कुर्कुमिनची रक्तातली उपलब्धता सुमारे वीसपट वाढलेली दिसली. म्हणून आज अनेक कुर्कुमिनच्या गोळ्यांत मिऱ्याचा अर्क असतो. पण पायपरिन इतर काही औषधांचं शोषणही वाढवतं. रक्तदाबाच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. तो विचारायला वनस्पती कळायला हवी आणि शरीरही.

आता कारखान्यात या. गुळवेल किंवा अडुळशाचा पाण्यात काढलेला अर्क वाळवून पूड केली की ती हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात खोलीतली आर्द्रता सांभाळली नाही तर ती यंत्राच्या पंचला चिकटते आणि गोळीचा पृष्ठभाग खरबरीत, तुटका निघतो. मग रवाळ दाणे कसे करायचे, बांधणी कशाने करायची, किती दाब द्यायचा, हे पुन्हापुन्हा करून पाहावं लागतं. तयार गोळ्या सहा काचनळ्यांच्या जाळीत घालून ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात खालीवर केल्या जातात आणि घड्याळ लावलं जातं. आवरण नसलेली साधी गोळी १५ मिनिटांत फुटली पाहिजे. न फुटणारी गोळी पोटातून जशीच्या तशी बाहेर जाईल, मग आतली वनस्पती कितीही गुणकारी असो.

हे मोजमाप इतकं महत्त्वाचं का, ते सर्पगंधा सांगते. हिच्या मुळीची ‘सर्पिना’ ही गोळी हिमालया कंपनीने १९३४ मध्ये आणली. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधा वापरून पाहिली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले, तेव्हा जगाने दखल घेतली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. मुळीतल्या द्रव्याचं प्रमाण जमीन आणि हंगामाप्रमाणे बदलतं, पण रेसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात मोजावी लागते, कारण मात्रा चढली तर रुग्ण खिन्नतेत जाऊ शकतो. ज्या मुलाला झाडांची ओढ आहे आणि असं काटेकोर काम करताना कंटाळा येत नाही, त्याच्यासाठी हे क्षेत्र आहे. यातली एकच गोष्ट असेल तर घाई करू नये.

भेसळ पकडण्याचं काम वेगळंच. शाळेच्या आवारात उंच, सरळसोट वाढणारा ‘अशोक’ हा औषधातला अशोक नव्हे, पण त्याची साल खऱ्या अशोकाच्या सालीत मिसळली जाते. सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचण्यांनी ती ओळखणारा माणूस गुणवत्ता विभागात लागतोच. पेटंट आणि नोंदणीची कागदपत्रं सांभाळणाराही लागतो. जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं, तेही जुने लिखित पुरावे शोधून मांडल्यामुळेच.

वाटा तीन आहेत. बी. फार्म. चार वर्षांचं. त्यात फार्माकोग्नोसी, म्हणजे औषधी वनस्पतींचा अभ्यास असतो, आणि पुढे जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन त्यातच एम. फार्म. करता येतं. मोहालीच्या नायपर या औषधनिर्माण शिक्षण-संशोधन संस्थेत नैसर्गिक द्रव्यांचा स्वतंत्र विभाग आहे. दुसरी वाट बीएएमएसची. ही नीटमधून जाते, आंतरवासितेसह साडेपाच वर्षं, आणि पुढे द्रव्यगुण किंवा रसशास्त्र-भैषज्यकल्पनेत एमडी. तिसरी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र किंवा कृषी पदवीची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, ते एकदा पाहून यावं.

वर्ध्यातच बोरगाव (मेघे) इथे फार्मसीचं महाविद्यालय आहे आणि सालोड (हिरापूर) इथे आयुर्वेदाचं. ‘गावात पिकतं त्यावर गावातच प्रक्रिया व्हावी,’ असा आग्रह धरणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी आहे. तिच्यात जैवप्रक्रिया आणि वनौषधींवर काम करणारा विभाग आहे. छोटा उद्योग काढायचा विचार असेल तर पहिली चौकशी तिथे करावी.

एक बदल लक्षात ठेवण्यासारखा. ३० नोव्हेंबर २०१५ च्या अधिसूचनेने आपल्या औषध कायद्यात ‘फायटोफार्मास्युटिकल’ असा नवा वर्ग आला. वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या अर्कातले किमान चार घटक ओळखून, मोजून दाखवायचे आणि आधुनिक औषधासारख्या चाचण्या द्यायच्या. आपल्याकडे कुंपणावर चढणाऱ्या वासनवेलीच्या अर्काची अशी चाचणी सन फार्माने २०२० मध्ये कोविडसाठी सुरू केली होती. याचा अर्थ पुढे रसायनशास्त्र, वनस्पती आणि वैद्यकीय चाचण्या हे तिन्ही कळणारी माणसं लागणार.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिल्या नोकरीत पगार बेताचा असतो, शिफ्ट असते, आणि नागपूर, पुणे किंवा मुंबईला जावं लागण्याची तयारी ठेवावी लागते. एम. फार्म. आणि चार-पाच वर्षांचा अनुभव झाला की चित्र पालटतं. पदवी मिळताच कर्ज काढून गोळ्यांचं यंत्र घ्यायचा हट्ट करू नका. परवाना, प्रयोगशाळा आणि ग्राहक ही तिन्ही कामं यंत्राआधीची आहेत.

प्रवेशाआधी महाविद्यालयात स्वतः जा. फार्मसी कौन्सिलची मान्यता यंदाची आहे का, ते तपासा. वनौषधी बाग दाखवायला सांगा आणि गोळी करायचं यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनाच विचारा. आई-वडिलांनी सोबत जावं, पण प्रश्न मुलाला विचारू द्यावेत.