यवतमाळची उद्योगरचना : जनगणनेचे आकडे कसे वाचावेत?

शहराची उद्योगरचना म्हणजे तेथील काम करणाऱ्या लोकांची निरनिराळ्या व्यवसायांतील विभागणी होय. जनगणना हा तिच्या अभ्यासाचा सर्वांत व्यापक आधार आहे. २०११ मध्ये २७,७२,३४८ लोकसंख्या असलेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या मुख्यालयाचा असा अभ्यास करताना वर्गवारी, हद्द आणि हंगाम या तीन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

१९७१ च्या जनगणनेत कामाचे नऊ वर्ग होते. खाणकाम, बांधकाम, व्यापार, वाहतूक हे त्यांत स्वतंत्र होते. २००१ व २०११ च्या प्राथमिक तक्त्यांत शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर असे चारच वर्ग आहेत. यवतमाळचा शिक्षक, दुकानदार आणि वणीचा कोळसा खाणकामगार हे सर्व 'इतर' ठरतात. त्यामुळे 'इतर' वर्ग वाढला म्हणजे कारखानदारी वाढली, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी सविस्तर 'ब' मालिकेतील तक्तेच पाहिले पाहिजेत.

दुसरी बाब हद्दीची. औद्योगिक वसाहत असलेले लोहारा २०११ मध्ये नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरील जनगणना-नगर होते. केवळ नगरपरिषदेचे आकडे घेतल्यास कार्यालये व बाजारपेठ दिसते, कारखाने मात्र निसटतात. म्हणून लगतच्या वस्त्यांचे आकडेही जोडून घ्यावेत.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. कापसाची सरकी काढून गाठी बांधण्याचे काम हंगामी असते. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेली व्यक्ती सीमांतिक कामगार ठरते. तीच व्यक्ती उरलेले महिने शेतात राबली, तर तिची गणना शेतमजुरांत होण्याचा संभव असतो. शिवाय २००४ व २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणांत हे काम कारखानदारीत नव्हे, तर शेतीपूरक सेवांत मोडते. परिणामी या जिल्ह्याचा जुना उद्योग तक्त्यांत प्रत्यक्षाहून लहान दिसतो.

अशा आकड्यांवरूनच प्रशिक्षणाच्या व रोजगाराच्या योजना आखल्या जातात. नोंद चुकली की मजुराचा वाटाही चुकतो. येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. प्रगणक म्हणून घरोघरी जाणाऱ्या शिक्षकांनी नुसते 'मजुरी' असे न लिहिता काम कोणते, कोठे आणि किती महिने, हे विचारून नोंदवावे. पंचायत सदस्यांनीही गावकऱ्यांना याची पूर्वकल्पना द्यावी. तक्त्यातील सत्य अखेर दारात विचारलेल्या प्रश्नावरच अवलंबून असते.