भिंतीला कान असतात



भिंतीला कान असतात, असे माझी आजी नेहमी म्हणते. पूर्वी गावात पत्रे यायची. खुशालीचा मजकूर लोक पोस्टकार्डावर लिहीत. पैशाअडक्याची किंवा घरातली गोष्ट असली की ती पाकिटात घालून डिंकाने चिकटवीत, कारण पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो. मोबाईलवरील समाजमाध्यमांचेही तसेच आहे. काय उघडे ठेवायचे नि काय झाकायचे, हे मला माझ्या चुकीतून कळले. ती चूक आज मी लिहिते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर मामाकडे वांद्र्याला गेले होते. एके सकाळी मामा आंघोळीला गेला होता आणि त्याचा मोबाईल माझ्या हातात होता. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर मामाच्या मित्राच्या नावाने निरोप आला, "माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या फोनवर आला आहे. लवकर पाठव." पाहते तर खरेच फोनवर सहा आकडे आले होते. नाव ओळखीचे, फोटोही ओळखीचा. कुणाचे काम अडू नये म्हणून मी ते आकडे पाठवून दिले. मामाला विचारलेसुद्धा नाही.

थोड्या वेळाने मामाचे व्हॉट्सॲप बंद पडले. दुपारी गावाहून मावशीचा फोन आला, "अरे दादा, पैसे पोचले का? दवाखान्यातून कधी सोडणार?" मामा तर घरी बसून जेवत होता! चोराने मामाच्या नावाने सगळ्या नातेवाइकांकडे पैसे मागितले होते. मावशीने सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून 8000 रुपये पाठवले होते. मला रडूच कोसळले. मामा म्हणाला, "रडून काय होणार? कसे झाले ते समजून घे आणि चारचौघांना सांग."

ते असे झाले. व्हॉट्सॲपचे खाते नव्या फोनवर उघडायचे असेल तर मूळ नंबरवर सहा आकडी कोड येतो. तो कोड म्हणजे घराची किल्ली. चोराने आपल्या फोनवर मामाचा नंबर घातला, म्हणून कोड मामाकडे आला, आणि मी ती किल्ली चोराला नेऊन दिली. मामाच्या मित्राचे खातेही आधी असेच चोरीला गेले होते, म्हणून नाव ओळखीचे दिसले.

मामाने लगेच मावशीला 1930 या क्रमांकावर तक्रार करायला लावली. पैसे चोराच्या हाती पडण्याआधी बँकेत अडवता यावेत म्हणून हा क्रमांक आहे, त्यामुळे उशीर करून चालत नाही. मग त्याने सर्वांना फोन करून सावध केले. नंतर आपल्या फोनवर नवा कोड मागवून खाते पुन्हा उघडले. असे केले की चोराकडचे खाते बंद होते. शेवटी 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' म्हणजे दुहेरी कुलूप लावले. आता कोडाबरोबर मामाने ठरवलेला पिनही लागतो. मावशीचे 3000 रुपये अडवले गेले. बाकीचे गेले ते गेलेच.

संध्याकाळी मामाने मला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या उंच इमारती दाखवल्या. आपण दुकानात ज्या यूपीआयने पैसे देतो, ती 2016 साली सुरू झाली. ती चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचे कार्यालय तिथे आहे. सायबर गुन्ह्यांसाठीचे पोलीस ठाणेही त्याच संकुलात आहे. मामा म्हणाला, "कुलूप कितीही मजबूत असले तरी किल्ली आपल्याच हातात असते. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. 'पैसे मिळतील, पिन घाला' असे कोणी म्हटले की तो चोर समजावा."

मित्रांनो, खाजगी गोष्ट झाकून ठेवणे म्हणजे भित्रेपणा नव्हे, तो आपला हक्क आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. 2023 साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. त्यात 18 वर्षांखालील सर्वांना बालक मानले आहे, आणि बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी असे म्हटले आहे.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

1. आलेला कोड, पिन, पासवर्ड कोणालाही सांगू नये. जिवलग मैत्रिणीलाही नाही.

2. पासवर्ड म्हणून आपले नाव, जन्मतारीख किंवा 1234 ठेवू नये.

3. आधार कार्ड, रेशन कार्ड, गुणपत्रिका यांचे फोटो टाकू नयेत.

4. "आम्ही सगळे जत्रेला निघालो" असे आधी कळवू नये. घराला कुलूप आहे हे चोरालाही कळते. फोटो परत आल्यावर टाकावेत.

5. दुसऱ्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय टाकू नये. पालकहो, आमचाही आम्हाला विचारून टाकावा.

6. ओळखीच्या नावाने पैसे मागितले तर आधी फोन करून आवाज ऐकावा आणि घरातलेच काही विचारावे.

7. चूक झाली तर लपवू नये. लगेच मोठ्यांना सांगावे. आणि मोठ्यांनी आधी ऐकून घ्यावे, मग रागवावे.

आपले हे भित्तिपत्रक महिनाभर भिंतीवर राहते, मग गुरुजी कागद काढून घेतात. मोबाईलवर लावलेला कागद आपण काढला तरी कोणीतरी आधीच उतरवून घेतलेला असतो. तेव्हा जे शाळेच्या या भिंतीवर लावायला आपण तयार नाही, ते मोबाईलवरही लावू नये.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मला ठेच लागली, तुम्ही शहाणे व्हा. मावशीचे उरलेले 5000 रुपये मामा दर महिन्याला थोडे थोडे फेडतो आहे. माझ्या खाऊचे पैसेही मी त्यात घालते.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी