अलास्काला निघालेल्या नव्या जोडप्यांसाठी

सहलीच्या एजंटला लग्नपत्रिका पाठवू नका, पासपोर्टचं पहिलं पान पाठवा. नव्या जोडप्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, मधलं नावही बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही नवं ठेवतात. आमच्या एजंटने पत्रिका पाहून माझं तिकीट सासरच्या नावाने काढलं. पासपोर्ट आणि त्यातला अमेरिकेचा व्हिसा मात्र माहेरच्या नावाचा. बाबांना कागद ओळ न ओळ वाचायची सवय आहे, म्हणून ही गोष्ट निघायच्या आधी लक्षात आली. जहाजवाल्यांनी नाव एका ईमेलवर दुरुस्त करून दिलं. विमान कंपनीने नाही. त्यांचंही खरंच आहे, एकाच अक्षराचा फरक असता तर गोष्ट वेगळी. इथे पूर्ण नावच बदललेलं, म्हणजे त्यांच्या लेखी ती दुसरीच बाई. जुनं तिकीट रद्द झालं, नवं काढलं, आणि तोवर भाडं वाढलं होतं. लग्नाच्या खर्चातून नुकत्याच सावरणाऱ्या दोन घरांना तो फटका जाणवलाच.

म्हणून मुलींनो, परत येईपर्यंत नाव बदलायचा अर्ज करू नका. विमान, जहाज, विमा, बंदरावरच्या सहली, सगळं पासपोर्टवर छापलंय तसंच. विवाह नोंदणीचा दाखला सोबत असू द्या, पण त्याच्या भरवशावर वेगळ्या नावाचं तिकीट घेऊन विमानतळावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट कॅनडाच्या व्हिसाची. आम्ही सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी सफर घेतली होती. एजंट म्हणाला, अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येताय, कॅनडाचा व्हिसा कशाला? सिएटलजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाने मात्र फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला. त्याने कारणही सांगितलं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये एकाही परदेशी बंदराला न लागता, त्यांना अमेरिकेतच उतरवता येत नाही. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी परदेशात नोंदलेली. त्यामुळे सिएटलची जहाजं वाटेत कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतात, कधी फक्त एका संध्याकाळपुरती. तुम्ही जहाजावरून खाली उतरणार नसलात तरी भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या सफरीत तर तो लागतोच, आणि तिथे अमेरिकेचा व्हिसाही हातात हवा. सिएटलच्या धक्क्यावर आमच्या पुढच्या रांगेत एक भारतीय जोडपं होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. कॅनडाचा व्हिसा नाही म्हणून त्यांना बाजूला घेतलं, आणि नंतर ते दोघं जहाजावर कुठेच दिसले नाहीत. त्या मुलीचा चेहरा मी विसरू शकत नाही. हे सगळं इतक्या कळकळीने लिहिते आहे ते तिच्यामुळे.

दोन्ही व्हिसांना वेळ लागतो, अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच कधी कधी कित्येक महिने जातात. म्हणून मुहूर्त आणि सफर एकमेकांना चिकटवू नका. अलास्काच्या सफरी साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. डिसेंबर-जानेवारीत लग्न झालेल्यांना तशीही वाट पाहावी लागते. आमचं लग्न थंडीतलं, आम्ही मेच्या शेवटी गेलो. घरचे म्हणत होते, मधुचंद्र इतका उशिरा? पण तोवर आम्ही एकमेकांना थोडे ओळखायला लागलो होतो, आणि ठरवून झालेल्या लग्नात ते थोडंसंही फार असतं. हवेच्या दृष्टीनेही मे-जून चांगला. त्या किनाऱ्यावर तेव्हा पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो, डोंगरांवर बर्फ शिल्लक असतं आणि रात्री उशिरापर्यंत उजेड असतो. नद्या साल्मन माशांनी भरलेल्या पाहायच्या असतील तर जुलै-ऑगस्ट. सप्टेंबरमध्ये पाऊस वाढलेला असतो.

जहाज सुटायच्या दिवशी विमानाने पोहोचायचं, असा बेत कोणी आखून दिला तर तो मोडा. मुंबईहून सिएटलला जाताना मध्ये कुठेतरी विमान बदलावंच लागतं, आणि तिथे उशीर झाला की पुढचं सगळं कोसळतं. आमचं पुढचं विमान चुकलं. बॅगा त्याहून मागे राहिल्या. आदल्या दिवशी पोहोचायचं ठरलं होतं म्हणून मावसभावाच्या घरी निवांत झोपलो आणि बॅगा सकाळी हातात पडल्या. विमान चुकलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढच्या बंदरात गाठू म्हणावं, तर इथे तोच जुना कायदा आडवा येतो. अलास्कात चढून सिएटलला उतरलात तर तो अमेरिकेच्या दोन वेगळ्या बंदरांमधला प्रवास ठरतो, आणि मधला व्हिक्टोरियाचा थांबा त्याला पुरत नाही. म्हणजे विमानाचा खर्च सोसून अलास्कातलं केचिकन बंदर गाठलंत तरी जहाजावर घेतील याची खात्री नाही.

सिएटलच्या बऱ्याच जहाजांची वाट व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या महासागरातून जाते. पहिल्या रात्री मला बोट लागली, आणि नवरा रात्रभर उशाशी बसून होता. बेटांच्या आडोशातली शांत वाट पुढे येते. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या जहाजांना ती बरीचशी सुरुवातीपासून मिळते. घाटात गाडी लागते अशांनी डॉक्टरांना विचारून गोळी सोबत ठेवावी आणि मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावे कमी बसतात.

खोलीबद्दल माझं मत ठाम आहे. हनिमून पॅकेज म्हणून पलंगावर पाकळ्या, केक आणि फोटोंसाठी वेगळे पैसे मागतात. ते पैसे बाल्कनीत घाला. पहाटे चारला जाग यावी, दार उघडावं आणि समोर धुक्यातून देवदार-स्प्रूसचे काळसर डोंगर सरकत जावेत, तोंडावर गार वारा यावा, दोघांमध्ये एकच पांघरूण असावं आणि कोणी काही बोलायची गरज नसावी, हे डेकवरच्या गर्दीत मिळत नाही. बाल्कनी परवडत नसेल तर निदान खिडकीची खोली. 'हमी'ची म्हणून स्वस्त मिळणारी खोली कंपनी स्वतः ठरवते, आणि कधी कधी खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली असते. जेवणासाठी दोघांचंच टेबल आधीपासून मागून ठेवा, नाहीतर रोज संध्याकाळी अनोळखी लोकांशी बोलण्यातच जेवण संपतं. शाकाहारी, त्यातही जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. आम्हाला डाळ-भात रोज मिळाला, कारण आधी सांगितलं होतं.

आता बंदरं. प्रत्येक बंदरात एक मोठी, महागडी सहल बांधून टाकायचा मोह होतो. आमच्या एजंटनेही यादी भरगच्च करून दिली होती. केचिकनला मिस्टी फ्योर्ड्सवरून सीप्लेनची फेरी होती, ती ढग खाली उतरल्यामुळे रद्द झाली. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणाच्या बरोबरीचा, फरक इतकाच की तिथे तो बाराही महिने येतो आणि थंड असतो. पैसे परत मिळाले, दिवस मोकळा झाला. ओढ्यावर लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या क्रीक स्ट्रीटवर आम्ही एका छत्रीत फिरलो, आणि नंतर सॅक्समनला त्लिंगित लोकांचे कोरीव टोटेम खांब पाहिले. एकेका खांबावर एकेका कुळाची कथा कोरलेली असते. कावळा, गरुड, अस्वल, देवमासा. तिथल्या मार्गदर्शक बाईंनी स्वतःच्या आजोळच्या कुळाचं चिन्ह दाखवलं. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं. नावाच्या घोळातून नुकतीच सुटलेली मी ते ऐकत कितीतरी वेळ तिथे उभी राहिले. गावाभोवतीचं टोंगास हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय वन, आणि पावसात चालल्याशिवाय ते काय आहे ते कळत नाही. शेवाळ जमिनीवर, खोडांवर, पडलेल्या झाडांवर, आणि त्या पडलेल्या झाडांवर उगवलेली नवी झाडं.

तेव्हा बंदरात एक सहल ठरवा, बाकीचा वेळ सैल ठेवा. आणि ती एक निवडताना हे लक्षात घ्या की जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज त्या लोकांसाठी थांबतं. बाहेरून स्वस्तात घेतलेल्यांसाठी थांबत नाही. स्वतंत्र जायचं असेल तर परतायला भरपूर वेळ राखा. घड्याळही सांभाळा. अलास्काची वेळ सिएटलपेक्षा एक तास मागे आहे, आणि विमान-मोडवरचा फोन ती आपोआप बदलत नाही. मनगटावर साधं घड्याळ बांधून ते जहाजाच्या वेळेला लावा. भर समुद्रात फोन विमान-मोडवर ठेवणं मात्र गरजेचंच, कारण जहाजावरचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालतं आणि त्याचं बिल घरी आल्यावर झोप उडवतं.

जूनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्ता येत नाही. विमानाने नाहीतर बोटीनेच पोहोचायचं. गावाची वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास. उन्हाळ्यात एका दिवसात इतकी माणसं जहाजांतून उतरायची की २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं येऊ द्यायची असं ठरलं. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटरवर आहे. सकाळी पहिल्या बसने गेलात तर नगेट धबधब्याच्या वाटेवर शांतता मिळते. स्कॅगवेला १८९७-९८ च्या कॅनडातल्या सोन्याच्या लाटेत हजारो माणसं उतरली होती. कॅनडाचे पोलीस जवळपास एक टन शिधासामान असल्याशिवाय कोणाला हद्दीच्या आत सोडत नसत, आणि माणसं ते ओझं खेपा घालून खिंडीवर चढवत. १९०० साली पूर्ण झालेली व्हाइट पास रेल्वे आज बत्तीस किलोमीटरमध्ये साडेआठशेहून जास्त मीटर चढते. तिच्या काही गाड्या कॅनडात जातात, तिथे पुन्हा पासपोर्ट-व्हिसा लागतो. तिकीट घेताना नीट विचारा.

आणि हिमनदी. जाहिरातीत निळ्या बर्फाचं चित्र असलं म्हणून तुमचं जहाज ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जातंच असं नाही. तिथे दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी असते. बाकीची एंडिकॉट आर्म किंवा हबर्ड हिमनदीकडे जातात, पूर्वी ट्रेसी आर्मकडेही जात. त्याही जागा सुंदर आहेत, पण कुठली ते पैसे भरण्याआधी लेखी घ्या. आणि तिथेही शेवटचा शब्द निसर्गाचाच असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेसी आर्ममध्ये डोंगराचा कडा कोसळून पाण्यात प्रचंड लाट उठली, त्यानंतर जहाजांना तिथली वाट बदलावी लागली.

आमचं जहाज ग्लेशियर बेमध्ये गेलं. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून जहाजावर चढले आणि ध्वनिक्षेपकावरून सांगू लागले. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या लोकांनी पाहिलं तेव्हा ही खाडी जवळजवळ सगळी बर्फाखाली होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्युअर आला तोवर बर्फ कितीतरी आत सरकलेलं होतं, आणि १९१६ पर्यंत ते मुखापासून सुमारे १०५ किलोमीटर मागे गेलं. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, पुढे सरकणाऱ्या बर्फामुळे हूना त्लिंगितांना इथली आपली गावं सोडावी लागली होती. ज्या पाण्यावरून आम्ही चाललो होतो तिथे कोणाचं तरी घर होतं. हे ऐकताना खाडी नुसती देखणी वाटेनाशी झाली.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं आणि हळूहळू गोल फिरतं, त्यामुळे उजवी बाजू की डावी यासाठी जीव टाकू नका. त्या वेळी जेवायला मात्र आत जाऊ नका. बर्फाचा कडा तुटतो तेव्हा तो आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो. आवाज ऐकून धावत आलेल्यांना फक्त लाट दिसते. बर्फावरून येणारा वारा उन्हातही हाडांत शिरतो. एका जाड कोटापेक्षा तीन थर बरे, वरचा पावसाचा, शिवाय कानटोपी आणि हातमोजे. दुर्बीण दोघांत दोन घ्या. तरंगत्या बर्फावर पिल्लांसकट सील बसलेले असतात आणि एका दुर्बिणीत कोणाला आधी बघू द्यायचं हा प्रश्न पडतो.

जहाजावर दवाखाना असतो, पण बिल डॉलरमध्ये येतं, आणि गंभीर आजारात हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर रक्कम डोळे पांढरे करते. क्रूझ आणि आपत्कालीन हलवाहलव स्पष्ट लिहिलेली असेल असाच प्रवास विमा घ्या. कर्मचाऱ्यांची बक्षिसी बहुतेक जहाजांवर रोज माणशी तुमच्या खात्यावर चढते, ती खर्चात आधीच धरा.

परतीच्या दिवशी जहाज सकाळी सिएटलला लागतं. पण उतरायची पाळी, बॅगा, सीमाशुल्काची रांग आणि विमानतळापर्यंतचा रस्ता यांत सगळी सकाळ जाते. विमान दुपारनंतरचं घ्या, जमलं तर दुसऱ्या दिवशीचं.