खाडीचं पाणी आणि आपल्या तिसऱ्या

मैत्रिणींनो, ओहोटीला आपण काढतो त्या तिसऱ्या पाणी गाळून खातात. खाडीत सांडपाणी आलं, की त्यातले रोगजंतू त्यांच्या अंगात साठतात. नुसतं धुऊन ते जात नाहीत. तिसऱ्या नीट शिजवाव्याच लागतात.

शहरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आधी जाळीने कचरा अडवतात, मग गाळ खाली बसू देतात. पुढे पाण्यात हवा सोडली, की जिवाणू उरलेली घाण खातात. शेवटी क्लोरीनने रोगजंतू मारतात.

गावात असं केंद्र नसतं. म्हणून संडासाच्या टाकीचं पाणी गटारात नको, विहिरीपासून लांब शोषखड्ड्यात सोडायचं. उपसलेला मैला खाडीत ओतू द्यायचा नाही.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगा: आपल्या टाकीचं पाणी कुठे जातं? ज्या वाडीचं गटार खाडीला मिळतं, तिचं नाव लिहून ग्रामसभेत मांडा.