मला काय अडवतं?

पुनरुत्थान काळातील तिसरा आठवडा, गुरुवार
पहिले वाचन: प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०
शुभवर्तमान: योहान ६:४४-५१



चालता रथ धावत जाऊन गाठणारा फिलिप आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विरार लोकल पकडणाऱ्या कुणालाही तो लगेच कळतो. आजचं पहिलं वाचन मी सकाळी उभ्यानेच, एका हातात मोबाईल धरून वाचलं.

गोष्ट माहीत आहे. कूशी, म्हणजे इथिओपियाच्या कांदके राणीचा खजिनदार येरुशलेमहून घरी निघालाय. रथात बसून यशया मोठ्याने वाचतोय. फिलिप विचारतो, समजतंय का? तो प्रामाणिकपणे म्हणतो की कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. मग दोघं एकत्र बसतात, पुढे वाटेत पाणी लागतं आणि तो विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला आता काय हरकत आहे?

हा प्रश्न पूर्वी मला उत्साहाचा वाटायचा. आता वाटत नाही. हा माणूस षंढ होता, आणि अनुवाद २३:१ प्रमाणे अशा पुरुषाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेशच नव्हता. एवढा लांबचा प्रवास करून उपासनेला आलेला माणूस बहुधा बाहेरच्या अंगणातूनच परतला असेल. ‘हरकत’ म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गंमत बघा, तो वाचत होता यशयाचा ५३ वा अध्याय. त्याच गुंडाळीत तीन अध्याय पुढे, ५६:३-५ मध्ये, षंढांना देव आपल्या घरात मुलांपेक्षाही चांगलं नाव देण्याचं वचन देतो. तिथपर्यंत तो पोहोचला होता की नाही, लूक सांगत नाही.

अजून एक. तुमच्या बायबलमध्ये ३६ नंतर थेट ३८ वी ओवी येते का बघा. अनेक नव्या आवृत्त्यांत ३७ वी ओवी तळटीपेत असते, कारण सर्वात जुन्या हस्तलिखितांत ती नाही. तिच्यात फिलिप अट घालतो आणि खजिनदार विश्वास कबूल करतो. मूळ गोष्टीत प्रश्न येतो आणि रथ थांबतो, मध्ये उत्तर नाही. नंतरच्या कुणाला तरी ते खटकलं असावं. असं कसं, काही फॉर्म तरी भरून घ्या!

आता आमच्याकडचं सांगते. जिच्याबद्दल सांगते आहे तिला विचारून लिहितेय, नाव मात्र देत नाही.

ती नालासोपाऱ्याची. आमची ओळख लेडीज डब्यातली. मी गर्दीत माळेची प्रार्थना करायचे (खरं सांगू का, अर्धी माळ डुलक्यांत जायची). एक दिवस तिने विचारलं, हे काय म्हणतेस? मी दोन वाक्यं सांगितली. तिने तिसरा प्रश्न विचारला आणि माझ्याकडचं संपलं. मी वसईची, जन्माची कॅथलिक, बारा वर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गाला गेलेली! मग मी तिला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ दिलं. दीड वर्षात तिने माझ्यापेक्षा जास्त वाचलं. शेवटी तीच म्हणाली, तुमच्या चर्चमध्ये कुणाशी बोलता येईल का?

मला वाटलं होतं फादर खूश होतील. त्यांनी आधी तिला पाणी दिलं आणि विचारलं, “कुणी सांगितलं म्हणून आलीस का? लग्न ठरलंय का कुठे?” ती दचकलीच. मग त्यांनी शांतपणे समजावलं. कॅथलिक मुलाशी लग्न करायचं म्हणून बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही, त्यासाठी बिशपांची वेगळी परवानगी असते. आणि कुणालाही जबरदस्तीने किंवा आमिष दाखवून श्रद्धेकडे ओढायला चर्चची सक्त मनाई आहे, १९६५ च्या ‘आद जेंतेस’ या दस्तऐवजात तसं स्पष्ट लिहिलंय. आजच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो तेच: पित्याने ओढल्याशिवाय कुणी त्याच्याकडे येत नाही. ओढणारा पिता आहे, तेव्हा आपण हात मागे ठेवलेले बरे.

दर रविवारी मराठी मिस्सानंतर पाच जणांचा गट बसू लागला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुरुवातीच्या शतकांत प्रौढांची तयारी मोठी असायची. हिप्पोलितसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात तीन वर्षं सांगितली आहेत. पुढे बाळांचे बाप्तिस्मे होऊ लागले आणि ती वाट बुजली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ती पुन्हा उघडायला सांगितलं आणि १९७२ मध्ये त्याचा विधी आला. आधी नुसती विचारपूस. मग स्वीकार विधी, ज्यात दीक्षार्थीच्या कपाळावर, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर क्रुसाची खूण करतात. पुढे प्रायश्चित्त काळाच्या पहिल्या रविवारी निवड, आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी शमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजरस यांची शुभवर्तमानं. शेवटी पुनरुत्थानाच्या जागरण विधीत बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर, तिन्ही एकाच रात्री.

हे सगळं मराठीत चालतं याचं तिला फार अप्रूप. मी तिला सांगितलं, फादर स्टीफन्स हे इंग्लिश जेज्वीट, पण त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं तेही मराठीत, ओव्यांमध्ये. “मग मी उशिरा नाही आले,” ती म्हणाली.

धर्ममाता म्हणून तिने मला विचारलं. मी लगेच हो म्हटलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. धर्ममातेसाठी चर्चचा नियम साधा आहे: सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेलं, आणि श्रद्धेला शोभेल असं जगणं. पहिल्या दोन अटी ठीक. पण मी चार वर्षं कन्फेशनला गेले नव्हते. कारण काही मोठं नव्हतं, ऑफिस, कंटाळा आणि एका नातलगाशी धरलेला अबोला. तिच्या डोळ्यांवर मी कुठल्या अंगठ्याने खूण करणार होते? शेवटी गेले. अबोल्याचं काम अजून अर्धवटच आहे, खोटं कशाला बोलू.

आणि मग निवडीच्या रविवारच्या आदल्या आठवड्यात तिने फादरांना सांगितलं, “या वर्षी नको.”

तिची आई नाही. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि ती एकुलती एक. घरी तिने बायबलबद्दल सांगितलं होतं, बाप्तिस्म्याबद्दल नाही. ऑपरेशननंतर एकदा बाबा सहज म्हणाले होते, “मुलगा नाही याचं दुःख नाही गं. माझं शेवटचं तू करशील.” त्यानंतर तिच्या तोंडून शब्द निघेना.

मला राग आला. एवढी तयारी झाल्यावर, रिलीजच्या आदल्या रात्री कुणी हात आखडता घ्यावा तसं वाटलं. मी फादरांना म्हटलं, ती घाबरतेय, तुम्ही तरी सांगा. फादर माझ्यावरच जरा कडक झाले. “बाप्तिस्मा घेतल्याने चौथी आज्ञा रद्द होत नाही. तिला वडील आहेत.” मग त्यांनी सम्राट व्हॅलेंटिनियन दुसरा याची गोष्ट सांगितली. तो बाप्तिस्मा मागत होता, पण त्याआधीच ३९२ मध्ये, जेमतेम एकविसाव्या वर्षी गेला. बहिणी रडत होत्या की संस्कार राहिला. अंत्यविधीच्या प्रवचनात संत अँब्रोज त्यांना म्हणाले की त्याने जे मागितलं ते त्याला मिळालं आहे. हे तेच अँब्रोज, ज्यांनी ३८७ मध्ये मिलानला ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. ऑगस्टीनचं नाव दीक्षार्थींत लहानपणीच घातलं होतं, संस्कार झाला बत्तिसाव्या वर्षी. १९८३ चा चर्चचा कायदाही सांगतो की अंत्यविधीच्या बाबतीत दीक्षार्थींना श्रद्धावंतांतच धरायचं. म्हणजे स्वीकार विधीच्या दिवसापासून ती आपली आहे. थांबली तरी बाहेर नाही.

मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं बाप्तिस्म्याआधी सगळं शून्य असतं आणि नंतर एक. आमच्या धंद्यातली खोड.

पुनरुत्थानाच्या रात्री गटातल्या दोघांचा बाप्तिस्मा झाला. ती माझ्या शेजारी उभी होती. मला वाटलं रडेल. ती नीट सगळं बघत होती, पुढच्या वर्षीसाठी पाठ केल्यासारखी. सोमवारी संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच विचारलं, “म्हणजे माझं करणार नाहीस?”

तिने तोच प्रश्न फादरांना विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणाले, “मी त्यांना भेटायला येऊ का? आधी त्यांना विचार.” बाबा हो म्हणाले. फादर गेले, चहा घेतला, पाऊण तास ऑपरेशन आणि गावच्या शेतीबद्दल बोलले. बाप्तिस्म्याचा विषय कुणीच काढला नाही. निघताना बाबांनी विचारलं, “परत कधी याल?”

आज सकाळी लोकलमध्ये मी तिला हे वाचन दाखवलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, “रथ थांबवायला सांगितला, म्हणजे हाकणारा होता ना कुणीतरी. त्याला काय वाटलं असेल? आणि घरी कोण होतं याच्या?”

मी परत खाली बघितलं. लूकने लिहिलेलं नाही. बोरिवली आलं आणि आम्ही दोघी दाराकडे सरकलो.

तिच्या बाबांची तपासणी येत्या मंगळवारी आहे. जमलं तर त्यांच्यासाठी प्रभूची प्रार्थना म्हणा.