पगाराएवढं व्याज

फॉर्म एका पानाचा होता. नाव, कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख, नोकरीची पूर्ण झालेली वर्षं आणि खाली सही. सार्वजनिक बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली ती २००० सालच्या अखेरीस. मी तेव्हा सांगलीत गणपती पेठेच्या बाजूच्या एका शाखेत कॅशवर होते. वय ४५, नोकरी २३ वर्षं. आमच्या शाखेत विचार करायला जेमतेम दोन आठवडे मिळाले. त्यातला दीड आठवडा मी आकडेमोडीत घालवला आणि उरलेल्या दिवसांत सही करून मोकळी झाले. देशभरातून त्या वेळी लाखाच्या आसपास बँक कर्मचारी बाहेर पडले, त्यांतली मी एक. आज सत्तरीत आहे. त्या दोन आठवड्यांत काय चुकलं ते मला नीट कळायला दहा वर्षं लागली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कारणं सांगते. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा दहावीला. यजमान शाळेत शिक्षक, त्यांची शाळा साडेदहा ते साडेपाच. सकाळी सासूबाईंचं सगळं आवरून, पोळ्या करून मी काउंटरला बसायची तेव्हा माझ्या हाताला कंप सुटलेला असायचा. त्यात हळदीचे सौदे सुरू झाले की व्यापारी थैल्या भरभरून रोकड आणत. नोटांनासुद्धा हळदीचा वास येई. संध्याकाळी कॅश टॅली होईपर्यंत उठता येत नसे. आणि आणखी एक कारण, जे मी त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही. शाखेत कॉम्प्युटर येणार होते. लेजरवर माझा हात बसलेला होता, पण त्या पडद्यापुढे आपल्याला जमेल का, पोरासोरांपुढे चुकलो तर काय, ही भीती होती. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी सगळ्यांनी सासूबाईंचं कारण ऐकलं आणि माझं कौतुक केलं. भीतीचं कारण त्याच्या आड लपून गेलं. स्वेच्छानिवृत्तीच्या विचारात असाल तर एक करा. कारणं कागदावर लिहा, आणि लोकांना सांगण्यासारखं नाही ते कारण सगळ्यांत वर लिहा. बहुतेक वेळा खरा निर्णय तेच घेत असतं, आणि त्यावर राजीनाम्याखेरीज दुसरा उपाय असतो. कॉम्प्युटर पुढे माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणी सहा महिन्यांत शिकल्या.

आता हिशोब. सानुग्रह रक्कम म्हणून नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा सगळा पगार, यांतलं जे कमी ते मिळणार होतं. मला ४६ महिन्यांचा पगार बसला. ५ लाखांपर्यंतची रक्कम प्राप्तिकरातून माफ होती. शिवाय ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, प्रॉव्हिडंट फंड आणि एक तृतीयांश पेन्शन विकून आलेली रक्कम. सगळं मिळून साडेदहा लाख झाले. एवढा पैसा आमच्या दोघांच्याही घराण्यात कुणी एकरकमी पाहिला नव्हता. मुदत ठेवीला साडेदहा टक्के व्याज होतं. म्हणजे महिन्याला नऊ हजारांच्या वर व्याज आणि तीन हजार पेन्शन. माझा पगार बाराच हजार होता! पगाराएवढं व्याज घरबसल्या मिळणार, मग नोकरी कशाला करायची? हे वाक्य त्या महिन्यात मी किती जणांना ऐकवलं असेल.

त्या हिशोबात एकच गोष्ट धरलेली नव्हती. ठेव तीन वर्षांची होती आणि आयुष्य तीन वर्षांचं नव्हतं.

२००४ मध्ये ठेवीचं नूतनीकरण करायला गेले तर दर सहा टक्क्यांच्या आसपास आलेला. मधल्या काळात दीड लाख दिरांच्या दुकानाला दिले होते, कारण मला किती मिळाले हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. उरलेल्या नऊ लाखांवरचं व्याज महिन्याला पावणेपाच हजारांच्या आत आलं. तीन वर्षांत निम्मं. घरखर्च तेवढाच राहिला असता तरी निभावलं असतं, पण मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला गेला होता.

मग मी जे केलं ते सांगताना आजही घशाशी येतं. २३ वर्षं बँकेत काढलेल्या बाईनं जादा व्याजासाठी ३ लाख एका पतसंस्थेत ठेवले. दर १३ टक्के. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्या ठेवीसारखं विमा संरक्षण नसतं, हे मी काउंटरवर कितीतरी ग्राहकांना स्वतः सांगितलेलं होतं. (बँकेतल्या ठेवीचा विमासुद्धा तेव्हा १ लाखापुरताच होता; ५ लाखांची मर्यादा २०२० मध्ये आली.) ज्ञान होतं, पण महिन्याला चार हजारांची तूट समोर असली की माणूस ज्ञानाला बाजूला सारतो. दोन वर्षं व्याज वेळच्या वेळी आलं, मग ठप्प. पुढच्या सात-आठ वर्षांत हेलपाटे घालून लाख-सव्वालाख परत मिळाले. म्हणून मी म्हणते, लवकर निवृत्ती घेताना केवळ तुटीची भीती धरू नका. त्या तुटीमुळे पुढं आपण काय करून बसू, त्याची धरा. हिशोब काठोकाठ जमत असेल तर तो जमलेला नाही असं समजा.

काही गोष्टी तर कुणालाच आधी कळणाऱ्या नव्हत्या. बँकेतल्या पेन्शनचं मूळ नव्या वेतन कराराबरोबर वाढत नाही, वाढतो तो महागाई भत्ता. आणि नोव्हेंबर २००२ च्या आधी निवृत्त झालेल्यांना तो भत्ताही पूर्ण भरपाईच्या दरानं मिळत नव्हता. ती तफावत मिटायला २०२३ उजाडलं. दीड-पावणेदोन वर्षं आधी बाहेर पडल्याची किंमत मी वीस वर्षं दर महिन्याला मोजली. असं काहीतरी प्रत्येकाच्या वाट्याला येणार. कोणतं ते सांगता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी जागा ठेवायची.

दवाखान्याचंही तसंच झालं. नोकरीत असताना इस्पितळाचं बिल बँकेकडून मिळे. २००६ मध्ये माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळा खर्च ठेव मोडून केला. त्यानंतर वैयक्तिक पॉलिसी घ्यायला गेले तर रक्तदाब लागलेला होता, हप्ता चढा आणि आधीच्या आजारासाठी चार वर्षं थांबा. आता तो थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे, तरी तीन वर्षं काही थोडी नव्हेत. कंपनीचा समूह विमा कंपनीबरोबरच सुटतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच, तब्येत धडधाकट असताना काढा, म्हणजे नोकरी सोडायच्या दिवसापर्यंत तो काळ भरून गेलेला असेल.

पण पैशाच्या चुकीपेक्षा मला दुसरी चूक जास्त लागते.

सासूबाई २००३ च्या श्रावणात गेल्या. त्यांचं शेवटपर्यंत मनासारखं करता आलं, याचं समाधान माझ्यापाशी आहे आणि ते मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पण तेरावं-चौदावं झालं, पाहुणे गेले, यजमान शाळेत गेले, आणि मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अकरा वाजता रिकाम्या घरात बसले. बँकेत अकराची वेळ म्हणजे काउंटरपुढे रांग लागण्याची. महिना-दीड महिना मी दर सोमवारी पासबुक भरायच्या निमित्तानं शाखेत जात होते. एक दिवस माझ्याच जागेवर बसलेली नवी मुलगी म्हणाली, "काकू, तिकडं बसा हं जरा, नंबर आला की बोलावते." चांगल्या मनानं म्हणाली. मी घरी येऊन रडले.

सासूबाईंना माझी गरज होती ती अडीच वर्षं. मी नोकरीची चौदा वर्षं देऊन टाकली. बिनपगारी रजेचा अर्ज मी केलाच नव्हता. चौकशीसुद्धा केली नव्हती. मॅनेजरसाहेबांना विचारायचं सुचलंच नाही, कारण योजना समोर होती, मुदत संपत होती आणि सगळीकडे त्याचीच चर्चा. अडचण किती वर्षांची आहे आणि आपण त्यापायी किती वर्षं सोडतो आहोत, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले असते तर माझं मलाच दिसलं असतं. आजारपण, मुलांची बोर्डाची वर्षं, न पटणारा साहेब, दूरची बदली, यांतलं बहुतेक दोन-तीन वर्षांत सरतं. तेवढ्यासाठी रजा घ्या, बदली मागा, कमी पगाराचं पद स्वीकारा. दार कायमचं लावून घेण्याआधी ही छोटी दारं ठोठावून पाहा.

आणि रिकामे दिवस कशानं भरणार, हे "वाचन करीन, फिरेन" असं मोघम ठरवू नका. मलाही वाटलं होतं वाचन करीन. मला काम हवं होतं, आणि कुणीतरी आपली वाट पाहतंय असं वाटायला हवं होतं. २००८ मध्ये शेजारच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायका किर्द लिहून द्याल का म्हणून आल्या. पहिल्या दिवशी त्यांची वही उघडली आणि जमा-नावे जुळवताना मला आठवलं, हे आपल्याला येतं. पुढं मी लिहून देणं बंद केलं आणि त्यांनाच लिहायला शिकवलं. दर मंगळवारी दुपारी तीनला त्या येतात. ही शिकवणी सात वर्षं आधी सुरू झाली असती तर, असं अजून मनात येतं.

गेल्या वर्षी माझा भाचा पुण्याहून आला. वय ४४, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा हुद्दा. लॅपटॉप उघडून म्हणाला, "मावशी, बघ, पंचेचाळीसला थांबायचं म्हणतोय. सगळं बसतंय." त्याच्या कोष्टकात महिन्याचा खर्च ८० हजार धरलेला. मी विचारलं, महागाई किती धरलीस? सहा टक्के. मग बहात्तरला सहानं भाग, बारा वर्षांनी हाच खर्च एक लाख साठ हजार. तेवढं त्यानं केलेलं होतं, हुशार मुलगा आहे. मग मी विचारलं, यात तुझ्या आईचा रकाना कुठला? माझी बहीण ७२ वर्षांची, एकटी मिरजेला. तो गप्प झाला. मुलीच्या लग्नाचा नाही, घराच्या डागडुजीचा नाही, बायको नोकरी सोडणार की नाही याचाही नाही. तिला विचारलंस का म्हटलं तर, "तिला चालेल गं" म्हणाला.

मी त्याला नको म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की पुढचं एक वर्ष नोकरी करतच त्या ८० हजारांवर जगून दाखव. एक तारखेला तेवढेच वेगळ्या खात्यात काढायचे आणि बाकीच्या पगाराला हात लावायचा नाही. दिवाळी ते दिवाळी करायचं, म्हणजे जूनमधल्या शाळेच्या फिया, विम्याचे हप्ते, घरपट्टी, लग्नसराईतले आहेर, सगळं एकदा अंगावर येऊन जातं. त्यातच महिनाभराची रजा काढून घरी बस, आणि त्या महिन्यात सहलीला जायचं नाही. ५५ च्या पुढं स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत निवृत्तीचे पैसे ठेवता येतात, मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. पंचेचाळिशीत ती सोय नाही. कर्मचारी पेन्शन योजनेतलं पेन्शन ५८ ला, पन्नाशीनंतर आधी घेतलंस तर दर वर्षामागे चार टक्के कमी. म्हणजे मधली वर्षं तुझी तुला काढायची आहेत, हे मांड.

परवा त्याचा फोन आला. सात महिने झाले. चार महिन्यांत रक्कम पुरली, तीन महिन्यांत नाही पुरली. मध्यंतरी आईला पुण्याला आणलं होतं, त्या महिन्याचा आकडा त्यानं मला दोनदा वाचून दाखवला. "मावशी, दिवाळीपर्यंत करतो," म्हणाला, "मग तुझ्याकडे वही घेऊन येतो."